पडलेली सिगारेट आपोआप विझायला काय हरकत आहे?

अर्धविराम (धागाकर्ती)

महिनाभर लिहू की नको असं चाललं होतं. आज लिहितेच.

बाबा ७८ वर्षांचे आहेत. रात्री झोपण्याआधी पलंगावर उशीला टेकून एक सिगारेट, ही त्यांची पन्नास वर्षांची सवय. त्या रात्री सिगारेट हातात असतानाच त्यांचा डोळा लागला. दीडच्या सुमारास मला जाग आली ती वासाने. जळक्या कापसाचा वास एकदा नाकात बसला की विसरता येत नाही. खोलीत आग अशी दिसतच नव्हती. ज्वाळा नाही, उजेड नाही, धूर मात्र छतापासून माझ्या खांद्यापर्यंत उतरलेला. बाबा त्याच्या खाली, गाढ झोपेत.

त्यांना ओढून बाहेर काढलं. भावाने गादीवर दोन बादल्या पाणी ओतलं. वरून पाहिलं तर नाण्याएवढं भोक, कडा तपकिरी, बस्स. विझली म्हणून आम्ही गादी उचलून गॅलरीत उभी करून ठेवली आणि बाबांना घेऊन दवाखाना गाठला. पहाटे पाच वाजता शेजारच्या काकूंचा फोन: तुमची गॅलरी पेटली आहे. शेजाऱ्यांनी विझवली, फार नुकसान झालं नाही. दुसऱ्या दिवशी उरलेली गादी फाडून पाहिली. वर नाण्याएवढं भोक होतं ना, त्याच्या आत घागर मावेल एवढी काळी पोकळी तयार झालेली.

बाबा तीन दिवस प्राणवायूवर होते. आता बरे आहेत. सगळे त्यांना बोलले, मीही बोलले. नंतर मनात एकच प्रश्न घर करून बसला. कोणी ओढत नसतानाही ही वस्तू दहा-दहा मिनिटं स्वतःहून जळत राहते, ती तशीच असायला हवी का? हातातून पडली की विझेल अशी करता येत नाही का? काही देशांत कायद्यानेच तशी करून घेतली आहे असं वाचलं. जाणकारांनी सांगावं.

एक विनंती. सिगारेट सोडा, हे आम्ही त्यांना रोज सांगतो. इथे प्रश्न वेगळा आहे.

—

कागदकाम

ताई, बाबा वाचले हे फार मोठं झालं.

मी २२ वर्षं कागद गिरणीत काढली, त्यातली शेवटची काही सिगारेटच्या कागदावर. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हो असं आहे. करता येते, आणि कित्येक वर्षं करतातही.

सिगारेट ओढली नाही तरी जळत राहते हा निव्वळ तंबाखूचा गुण नव्हे. बरीचशी करामत कागदाची असते. त्या कागदात खडूची पूड, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, भरलेली असते, त्यामुळे तो सच्छिद्र होतो. वर सोडियम किंवा पोटॅशियम सायट्रेट मारलेलं असतं, त्याने कागद मध्येच न अडता तंबाखूच्या बरोबरीने जळत पुढे सरकतो. म्हणजे ‘जळत राहणं’ त्यात घातलेलं असतं. घातलेलं आहे, म्हणून काढताही येतं.

ठेवून दिलेल्या सिगारेटच्या निखाऱ्याला हवा मिळते ती बाजूने, कागदातून, जळत्या कडेच्या आसपास. या हवेची वाट मधूनमधून अडवायची, हीच सगळी युक्ती. कागदावर ठरावीक अंतराने आडवे पट्टे छापतात, प्रत्येक सुमारे ६ मिलिमीटर रुंद, एका सिगारेटवर दोन किंवा तीन. छापायला बहुतेक सोडियम अल्जिनेट (समुद्री शैवालापासून निघतं), स्टार्च किंवा सेल्युलोजचा पातळ लेप वापरतात. लेपाने त्या जागची छिद्रं बुजतात.

आता सिगारेट हातात आहे आणि माणूस झुरके घेतो आहे असं समजा. झुरक्यासरशी निखारा ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास जातो आणि पट्टा सहज ओलांडतो. तीच गादीवर पडली, तर खालची बाजू दबलेली, तिथून हवा बंद. खालचं कापड उष्णता ओढून घेतंय. त्यात समोर पट्टा आला की उरलेल्या बाजूनेही हवा पुरत नाही. निखाऱ्याचा दम तुटतो आणि तो विझतो. ओढणाऱ्याला फारसा त्रास नाही, विसरलेली सिगारेट मात्र विझते. हे काम मला तेव्हाही फार आवडलं होतं.

बघायचं असेल तर एक सिगारेट ब्लेडने उभी चिरा, तंबाखू झाडून टाका आणि नुसता कागद खिडकीशी उजेडासमोर धरा. पट्टे असतील तर जरा दाट, आडव्या सावल्यांसारखे दिसतात.

—

पिवळंहेल्मेट

अग्निशमन दलातून निवृत्त झालोय. धाग्यात शिरतोय ते आधी एका गोष्टीसाठी. कागदकाम यांनी सांगितलेलं कागद चिरून बघणं ठीक आहे. पण पेटती सिगारेट गादीवर किंवा सोफ्यावर ठेवून ‘विझते का पाहू’ असा प्रयोग घरात कोणीही करू नका. जुन्या गादीच्या तुकड्यावरसुद्धा नको.

आता तुमच्या गादीबद्दल. तुमच्याकडे जे झालं ते आम्ही अनेकदा पाहिलंय, अगदी त्याच क्रमाने. कापूस धुमसतो तेव्हा विस्तव वर येत नाही, आत सरकतो. तंतूंच्या मध्ये हवा अडकलेली असते, वर अभ्र्याचं झाकण, त्यामुळे उष्णता बाहेर पडत नाही. वरून ओतलेलं पाणी अभ्र्यावरून ओघळून जातं, आतल्या निखाऱ्यापर्यंत पोचतच नाही. आणि गादी उभी केलीत, तिथे तुमच्या नकळत भट्टीला धुराडं मिळालं. खालून वारा, वर धूर जायला वाट. तीन तासांनी ज्वाळा आल्या यात नवल नाही.

आमचा शिरस्ता असा: धुमसलेली गादी मोकळ्या जागेत, भिंतीपासून लांब आडवी टाकायची. फाडायची. जळका कापूस हाताने नाही, आकड्याने उपसून वेगळा करायचा आणि तो पाण्यात बुडवून ठेवायचा. भिजवायचा नाही, बुडवायचा. आणि हे काम घरच्यांनी करायचं नाही, आम्हाला बोलवायचं, आग ‘विझली’ असली तरी.

दुसरं, या आगीत माणूस भाजून मरण्याआधी धुराने मरतो. हवा पुरेशी न मिळता जळणाऱ्या कापसातून कार्बन मोनॉक्साइड भरपूर निघतो, फोम असेल तर हायड्रोजन सायनाइडही. झोपलेला माणूस त्याने जागा होत नाही, आणखी गाढ झोपतो. त्यामुळे घरात धूर ओळखणारा अलार्म लावताना प्रकाशावर चालणारा, म्हणजे फोटोइलेक्ट्रिक, घ्या. धुमसणाऱ्या आगीचा धूर तो दुसऱ्या प्रकारच्या अलार्मपेक्षा लवकर पकडतो.

—

सोडतोय

मी ओढणारा. चौदा वर्षं झाली. सध्या युरोपात असतो, इथे १७ नोव्हेंबर २०११ पासून विकायला येणाऱ्या सिगारेटी पट्टेवाल्याच असाव्या लागतात.

अनुभव सांगतो. मित्राशी बोलण्यात रमलो की ती हातातच विझते. परत पेटवावी लागते, पहिला झुरका कडवट लागतो. सुरुवातीला चिडचिड व्हायची. आमच्या ऑफिसात तर, या कागदात गालिचे चिकटवायचा गोंद घालतात, त्याने डोकं दुखतं, अशी चर्चा कित्येक महिने चालली होती. काहींनी सह्यांची मोहीमसुद्धा चालवली.

पण अर्धविराम, तुमची पोस्ट वाचली आणि परवाची रात्र आठवली. सोफ्यावर टीव्ही बघताना झोपलो होतो. सकाळी उठलो तर कुशीखाली अर्धी सिगारेट, विझलेली. कापडावर फिकट तपकिरी डाग. तेव्हा डाग बघून वाईट वाटलं होतं. आता वाटतंय, तो सोफा फोमचा आहे, आणि आतल्या खोलीत माझी दोन वर्षांची मुलगी होती.

—

कागदकाम

गोंदाचं सांगतो, कारण ही गोष्ट मलाही शंभर वेळा विचारली गेलीय. सिगारेटचा कागद गुंडाळल्यावर त्याची उभी शिवण चिकटवावी लागते. त्या शिवणीला इथिलीन व्हिनाइल ॲसिटेट जातीचा गोंद वापरायची पद्धत जुनी आहे, पट्टे नव्हते तेव्हापासूनची. त्याच जातीचं रसायन गालिच्यांच्या गोंदातही असतं, त्यावरून ही गोष्ट पसरली. पट्ट्याचा लेप वेगळा.

आणि धुराची तपासणी झालेली आहे. हार्वर्डच्या सार्वजनिक आरोग्य संस्थेतल्या संशोधकांनी २००५ साली न्यूयॉर्कमधल्या पट्टेवाल्या सिगारेटी आणि कॅलिफोर्निया, मॅसॅच्युसेट्समधल्या साध्या सिगारेटी शेजारीशेजारी ठेवून तपासल्या. धुराचा विषारीपणा एकंदरीत दोन्हीकडे सारखाच निघाला. म्हणजे पट्ट्यामुळे सिगारेट जास्त घातक झाली नाही, आणि कमी घातकही झाली नाही. फुप्फुसाला ती पूर्वीइतकीच वाईट.

—

सरळवाट

सगळ्यांची माफी मागून वेगळं मत मांडतो.

अर्धविराम, तुमच्या बाबांबद्दल वाईट वाटलं. पण मूळ चूक अंथरुणात सिगारेट ओढण्याची आहे. माझ्या आत्याचं घर असंच गेलं, काका दारूच्या नशेत झोपले होते. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की जबाबदारी माणसाची. ‘सुरक्षित सिगारेट’ म्हटलं की लोक आणखी निर्धास्त होतील. पडली तरी विझते म्हणून अंथरुणातच ओढतील. आणि तंबाखू कंपन्यांना एक चांगलं लेबल आयतं मिळेल.

—

पिवळंहेल्मेट

सरळवाट, लेबलाबद्दल तुमचं बरोबर आहे. ‘फायर सेफ’ हा शब्द मलाही पटत नाही. तांत्रिक नाव ‘रिड्यूस्ड इग्निशन प्रोपेन्सिटी’, म्हणजे आग लावण्याची प्रवृत्ती कमी केलेली. कमी केलेली, संपवलेली नव्हे. पट्ट्यापर्यंत पोचायच्या आधी ती जळतच असते, आणि दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत वाळलेला कापूस पेटायला अवसर मिळू शकतो.

पण जबाबदारी माणसाची, याचं काय करायचं ते मला अनेक वर्षं उमगलेलं नाही. अमेरिकेतल्या राष्ट्रीय अग्निसुरक्षा संघटनेचं, एनएफपीएचं, निरीक्षण असं की धूम्रपानाने लागलेल्या घरगुती आगीत मरणाऱ्या चौघांतला एक, ज्याच्या सिगारेटने आग लागली तो नसतोच. मूल असतं, बायको असते, आई असते, वरच्या मजल्यावरचा शेजारी असतो. मी बाहेर काढलेल्यांत एक शाळकरी मुलगा होता, वरच्या मजल्यावरचा. त्याच्या घरात कोणी सिगारेट ओढत नव्हतं. त्याने काय चूक केली होती?

—

अर्धविराम (धागाकर्ती)

सरळवाट दादा, राग नाही. आत्याच्या घराचं वाचून कळलं तुम्ही का असं म्हणताय ते.

पण माझं म्हणणं असं आहे. बाबांना कोणी ‘पडली तरी विझते’ असं सांगून अंथरुणात ओढायला लावलं नव्हतं. पडली की पेटते, हे पन्नास वर्षं माहीत असून ते ओढत होते. झोप माणसाला विचारून येत नाही. दमलेला माणूस, औषधाची गुंगी आलेला, दारू प्यायलेला, म्हातारा, या सगळ्यांना रोज रात्री झोप येणारच आहे. वस्तू बनवणाऱ्याला हे माहीत असतं. मग वस्तू बनवतानाच झोपलेला माणूस का धरला जाऊ नये?

—

पानोपानी

या प्रश्नाचा इतिहास मी मागे बराच वाचला होता. तो वाचून झोप उडाली होती, म्हणून जरा लांबण लावतो.

१९२९ साली अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधल्या लोवेल इथे सिगारेटमुळे आग लागली. तिथल्या खासदार ईडिथ नोर्स रॉजर्स यांनी सरकारच्या नॅशनल ब्युरो ऑफ स्टँडर्ड्सकडे आग न लावणारी सिगारेट तयार करण्याची मागणी केली. ब्युरोने आपोआप विझणारी सिगारेट करून दाखवली ती १९३२ मध्ये. नीट वाचा, १९३२. त्यानंतर काहीच झालं नाही.

१९७९ मध्ये त्याच राज्यात वेस्टवूड गावी सिगारेटच्या आगीत एका कुटुंबातले सात जण गेले, आईवडील आणि पाच मुलं. तिथले खासदार जो मोकली यांनी विषय हातात घेतला. लहानपणी स्वतः भाजलेले आणि पुढे सॅन फ्रान्सिस्कोत भाजण्याच्या अपघातांविरुद्ध काम करणारे अँड्र्यू मॅग्वायर यांनीही तो लावून धरला. १९८४ मध्ये अमेरिकी संसदेने कायदा केला, तोही सिगारेट बदलण्याचा नव्हे, ती बदलता येते का ते तपासण्याचा. अभ्यासगटाने १९८७ मध्ये उत्तर दिलं: तांत्रिकदृष्ट्या शक्य आहे. घेर बारीक करा, तंबाखू सैल भरा, कागद कमी सच्छिद्र करा, सायट्रेट कमी करा. १९९० मध्ये आणखी एक कायदा, तो चाचणीची पद्धत ठरवण्याबद्दलचा.

आणि या काळात कंपन्या गप्प बसल्या नव्हत्या. फिलिप मॉरिसमध्ये ऐंशीच्या दशकात याच विषयावर अंतर्गत प्रकल्प चालू होता, नाव ‘प्रोजेक्ट हॅम्लेट’, ‘जळावं की न जळावं’ या अर्थी. बाहेर मात्र सांगणं असं की गिऱ्हाईक अशी सिगारेट घेणार नाही. पुढे २००० मध्ये त्याच कंपनीने ‘मेरिट’ या छापाखाली पट्टेवाला कागद बाजारात आणला.

याहून वाईट भाग सोफ्यांचा आहे. सिगारेटला हात लागू नये म्हणून बोट दुसरीकडे दाखवायचं, सोफा का पेटतो ते बघा म्हणायचं. त्यासाठी तंबाखू उद्योगाने अमेरिकेतल्या राज्य अग्निशमन अधिकाऱ्यांच्या संघटनेत आपला माणूस पेरला होता. ‘शिकागो ट्रिब्यून’ने २०१२ मध्ये उद्योगाच्याच कागदपत्रांवरून हे मांडलं. परिणाम काय, तर घराघरातल्या फोममध्ये आग रोखणारी रसायनं भरली गेली. ती फोममधून निघून घरातल्या धुळीत आणि धुळीतून लहान मुलांच्या अंगात जातात. फोम उघड्या ज्वाळेला टिकला पाहिजे हा १९७५ सालचा निकष कॅलिफोर्नियाने २०१३ मध्ये बदलला आणि त्याजागी सिगारेटने कापड धुमसतं का, हा निकष आणला. २०२१ पासून तोच देशभर लागू आहे.

शेवटी काम केलं ते राज्यांनी. न्यूयॉर्कने २००० मध्ये कायदा केला आणि तो २८ जून २००४ ला अमलात आला. मोकली २००१ मध्येच वारले, त्यांना ते बघायला मिळालं नाही. १ ऑक्टोबर २००५ पासून कॅनडात, देशभर लागू करणारा तो पहिला देश. २०१० मध्ये फिनलंड आणि ऑस्ट्रेलिया, २०११ मध्ये युरोपीय संघ, आणि त्याच वर्षापर्यंत अमेरिकेतली पन्नासही राज्यं.

१९३२ ते २००४. बहात्तर वर्षं. या मधल्या काळात जे गेले त्यांच्या घरच्यांना कोणीतरी हेच सांगितलं असणार की चूक तुमच्या माणसाची होती.

—

वळचण

पानोपानी, हे वाचून हात थरथरतोय.

माझा एक प्रश्न. माझे मामा दमेकरी, घरी प्राणवायूचं यंत्र, नाकाला नळी. तरी चोरून ओढतात. पट्टेवाली सिगारेट असती तर निदान ती काळजी मिटली असती का?

—

पिवळंहेल्मेट

वळचण, नाही. हे मी ठळकपणे सांगतो. पट्ट्याचं सगळं गणित हवा कमी पडण्यावर आहे. नाकाशी प्राणवायू वाहत असेल तर हवा कमी पडतच नाही. नळीच्या आसपासचे कपडे, दाढी, उशीचा अभ्रा यांत प्राणवायू भरून राहतो, आणि एरवी नुसती धुमसणारी वस्तू तिथे भडकन पेटते. प्लास्टिकची नळी स्वतः पेटते आणि आग चेहऱ्यापर्यंत येते. इलेक्ट्रॉनिक सिगारेटचाही उपाय नाही, तिच्यातल्या तापणाऱ्या तारेनेही हे झालेलं आहे.

यंत्र बंद केल्यावर लगेच ओढणंही धोक्याचं, कपड्यांत प्राणवायू काही वेळ राहतो. मामांशी बोला, आणि ज्या डॉक्टरांनी यंत्र दिलं त्यांना आजच सांगा की ते ओढतात. लपवू नका. निकोटिनच्या पट्ट्या, गोळ्या, काहीतरी मार्ग ते काढतील.

—

मोजपट्टी

मी आकडेवारीत काम करतो, त्यामुळे पहिल्यापासून शंकेने वाचतोय. शंका अशी की चाचणी प्रयोगशाळेतली आणि मरण घरातलं.

चाचणीची पद्धत आधी सांगतो, एएसटीएम ई२१८७ नावाची. वारा न लागणारी पेटी, तळाला गाळणकागदाचे १० थर, त्यावर पेटती सिगारेट ठेवायची. अशा ४० सिगारेटी. त्यातल्या २५ टक्क्यांहून जास्त शेवटपर्यंत जळता कामा नयेत. म्हणजे ४० पैकी १० पूर्ण जळल्या तरी ती पास. हार्वर्डच्या त्याच २००५ च्या अभ्यासात न्यूयॉर्कच्या सिगारेटी सरासरी १० टक्के पूर्ण जळल्या, इतर दोन राज्यांतल्या ९९.८ टक्के. कागदावर हा फरक जबरदस्त आहे. पण तो खरोखर कागदावरच आहे, गाळणकागदावर. गादी म्हणजे गाळणकागद नव्हे.

घरांतल्या आगी बघायला गेलं तर आकडे खाली आलेले दिसतात. एनएफपीएच्या हिशोबाने अमेरिकेत २००३ ते २०११ या काळात धूम्रपानाच्या आगींतले मृत्यू ३० टक्क्यांनी घटले. फिनलंडमध्ये अशा आगींतले बळी ४३ टक्क्यांनी कमी झाल्याचं युरोपीय आयोगाने सांगितलं. पण त्याच वर्षांत ओढणारेही कमी होत होते, अलार्म वाढत होते, गाद्या बदलत होत्या. सगळं श्रेय पट्ट्याला देणं मला पटत नव्हतं.

मत बदललं ते मॅसॅच्युसेट्सच्या अभ्यासाने, २०१४ मधला. तिथे कायदा १ जानेवारी २००८ पासून. सिगारेटने घराला आग लागण्याची शक्यता कायद्यानंतर २८ टक्क्यांनी कमी भरली. त्याहून महत्त्वाचं, घट कुठे जास्त होती? जिथे आधी सोफा, अंथरूण-पांघरूण, मऊ सामान पेटलं तिथे, आणि जिथे झोप, नशा असा माणसाचा भाग होता तिथे. पट्टा ज्या प्रसंगासाठी बनवला, नेमका तिथेच उपयोगी पडलेला दिसतो. केवळ ओढणारे कमी झाल्याने आगी घटल्या असत्या, तर ही घट सगळीकडे सारखी पसरली असती.

तर २८ टक्के. शंभरांतल्या अठ्ठावीस. जादू नाही, पण एका कागदाच्या पट्ट्याकडून मी तरी यापेक्षा जास्त मागणार नाही. बाकीच्या बहात्तर उरतात, ते कुणी विसरू नये. २०१२ ते २०१६ या काळात, म्हणजे सगळ्या राज्यांत कायदा आल्यानंतरही, अमेरिकेतल्या घरगुती आगींपैकी फक्त ५ टक्के धूम्रपानाच्या होत्या आणि मृत्यू मात्र २३ टक्के.

—

सरळवाट

मोजपट्टी, शेवटचे दोन परिच्छेद दोनदा वाचले. अंथरुणातल्या आगी जास्त कमी झाल्या, हे मला माहीत नव्हतं. लोक निर्धास्त होतील ही माझी भीती खरी असती तर तिथेच वाढ दिसायला हवी होती.

माझं मत एवढं बदलतो: कायदा हवा. ‘सुरक्षित’ हा शब्द मात्र पाकिटावर नको.

—

कागदकाम

तो नाहीच आहे. अमेरिकेतल्या पाकिटांवर बारकोडजवळ ‘एफएससी’ एवढी तीन अक्षरं असतात, म्हणजे आगीच्या मानकाप्रमाणे. त्याची जाहिरात नसते.

विक्रीचं राहिलं. कंपन्या पंचवीस वर्षं म्हणत होत्या ना, गिऱ्हाईक घेणार नाही? न्यूयॉर्कमध्ये या कायद्यामुळे खप पडला नाही. आमच्या गिरणीत पट्ट्याचा कागद पहिल्यांदा चढवला तेव्हा यंत्राचा वेग जरा उतरवावा लागला, लेप नीट सुकेना, दोन-तीन आठवडे रात्री जागलो. पुढे तेही सुरळीत झालं. एवढ्याच कष्टासाठी किती वर्षं थांबलो होतो, असं तेव्हा वाटलं नव्हतं. पानोपानींचं वाचून आज वाटतंय.

—

अर्धविराम (धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दुपारी कागदकाम दादांनी सांगितलं तसं केलं. बाबांच्या पाकिटातली एक सिगारेट ब्लेडने उभी चिरली, तंबाखू वर्तमानपत्रावर झाडला आणि कागद खिडकीशी धरला. बारीक रेघा आहेत, या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्याच. दाट पट्टा कुठेच नाही. आणखी दोन चिरून पाहिल्या, त्याही तशाच.

बाबा खुर्चीत बसून बघत होते. त्यांनी कागद मागून घेतला, चष्मा वर करून डोळ्यांशी नेला. मी त्यांना पट्ट्याचं सांगितलं, १९३२ चंही सांगितलं. बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “म्हणजे तेव्हा मी जन्मलोही नव्हतो.” त्या रात्रीपासून आम्ही त्यांच्याशी फक्त रागावून बोलत होतो, आज पहिल्यांदा धड बोललो. पलंगावर ओढायची नाही हे त्यांनी आपणहून कबूल केलं. त्यांची खुर्ची गॅलरीत हलवली आहे, शेजारी मातीची खोल कुंडी ठेवली आहे, थोटकं त्यात खुपसायची म्हणून.

—

पिवळंहेल्मेट

ताई, खुर्ची हलवलीत ते उत्तम. दोन गोष्टी लगेच तपासा.

खुर्चीवर उशी किंवा फोमची बैठक असेल तर काढून टाका. डुलकी तिथेही लागते.

आणि ती कुंडी. त्यात रोपं लावायचं तयार मिश्रण असेल तर त्यात पीट किंवा नारळाचा भुसा असतो, तो वाळला की कापसासारखाच आतून धुमसतो, तासन् तास, आणि वरून काही कळत नाही. कुंडीतल्या थोटकांनी लागलेल्या आगी आम्ही विझवल्या आहेत. कुंडी रिकामी करून त्यात नुसती वाळू भरा, किंवा पाणी घातलेला पत्र्याचा डबा ठेवा.

—

अर्धविराम (धागाकर्ती)

तयार मिश्रणच होतं, बोट घातलं तर कोरडं ठाक. रिकामी केली. डब्यात पाणी भरून ठेवलं आहे.